वझेसरांचा बूट

वझेसर कुणाच्याही दारात आले की आत पाऊल टाकायच्या आधी विचारायचे, "बूट काढू, की परत जाऊ?" लोकांना वाटायचं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती ती. आणि ही सवय त्यांना माझ्यामुळे लागली.

मी मुलाकडे ॲन आर्बरला राहायला आले, तेव्हा सर मागच्या गल्लीत एकटेच राहत होते. मूळचे साताऱ्याचे. इथल्या विद्यापीठात त्यांनी जन्मभर जुनी ग्रीक भाषा शिकवली. बायको वारलेली, मुलगी कॅलिफोर्नियात. साखरेमुळे उजव्या पायाला जखम झालेली, ती भरत नव्हती. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचा जाड करडा बूट दिला होता. पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी सवयीने म्हणाले, "पायातलं बाहेर काढा." त्यांनी मुकाट्याने काढलं. पाच मिनिटांत घरभर वास. सून रुपालीने बर्फ पडत असताना खिडक्या उघडल्या. सर अर्धा चहा ठेवून उठले.

मग इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी त्यांना बोलावणं सोडलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. "काका, तुम्ही रेस्ट घ्या, पायाला स्ट्रेस नको," एवढंच. बूट घालून देवासमोर चालत नाही आणि काढला तर माणसांना सोसत नाही.

मी दुपारी त्यांच्याकडे जायचे. माया म्हणून नाही. नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात, बोलायला माणूस हवं होतं. मी चौथी शिकलेली, तरी सर मला वर्गात बसवल्यासारखं शिकवायचे आणि शेवटी बोट उगारून म्हणायचे, "हे परीक्षेला येणार हं, सुमनबाई!"

एकदा त्यांनी एका ग्रीक वीराची गोष्ट सांगितली. त्याचं नाव मला कधी घेता आलं नाही.

"मोठा धनुर्धर. लढाईला जाताना वाटेत पायाला साप चावला. जखम नासली. वासाने सैन्य हैराण. काय केलं असेल?"

"टाकला असेल कुठे तरी."

"शाबास. झोपला होता तेव्हा ओसाड बेटावर सोडून गेले. दहा वर्षांनी कळलं, त्याच्या धनुष्याशिवाय लढाई जिंकता येत नाही. मग आले गोड बोलत. त्यातला एक तर म्हणत होता, धनुष्य तेवढं नेऊ, माणूस राहू दे."

"मग?"

"देव मधे पडला, म्हणून दोघांनाही नेलं. पाय पण बरा झाला. गोष्टीतला होता ना!"

त्या वर्षी मंडळाचा गणपती आमच्या घरी होता. सकाळीच गुरुजींनी कॅन्सल केलं. पूर्वी पूजा सर सांगायचे, सगळी तोंडपाठ. माझा मुलगा प्रशांत म्हणाला, "आई, तू जा ना. तुझं ऐकतील ते."

मी गेले. सर पाय स्टुलावर ठेवून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "धनुष्य न्यायला आलात?"

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"आणि बूट?"

"राहू दे पायात. मी बघते."

त्यांनी कपाटातून पिवळा कद काढला आणि बुटावरूनच नेसले. तासभर पूजा सांगितली, पुस्तक न उघडता. पोरंसुद्धा गप्प बसली. प्रशांतने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं.

जेवायच्या वेळी रुपाली हळूच म्हणाली, "आई, काकांना गॅरेजमध्ये बसवू या का? तिथे हवा आहे." मी नको म्हणाले नाही. मोदकांचं ताट मीच नेलं, गाडीशेजारच्या घडीच्या टेबलावर ठेवलं. सर इकडेतिकडे बघून म्हणाले, "बेट बरं आहे. पंखा आहे." मी आत येऊन पंगतीत बसले. पोटभर जेवले.

पुढच्या वर्षीही गणपती आमच्याकडेच होता. सकाळी त्यांचा फोन आला. "सुमनबाई, कद इस्त्री करून ठेवलाय. किती वाजता येऊ?" मग थांबले. "मागे मंत्र ऐकू येतायत. पूजा सुरू झाली? कोण सांगतंय?"

"तुम्हीच," मी म्हणाले.

मग म्हणाले, "म्हणजे धनुष्य तेवढं नेलं."

"हो."

"कुठे चुकलो नाही ना मी?"

"नाही."

त्यांनी फोन ठेवला. मला तेव्हा 'या' म्हणता आलं असतं. घर मुलाचं होतं, तोंड माझं होतं.

हिवाळ्यात त्यांचा पाय कापला. त्यातच ते गेले. मंडळाने फुलं पाठवली.

गणपतीला अजून तेच रेकॉर्डिंग लावतात. आवाज खणखणीत येतो. वास येत नाही.