आबांच्या ओट्यावरचं तर्कशास्त्र

जळगावच्या एका कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवतो. एकेक विधान चौकटीत लिहायचं, कारणाकडून निष्कर्षाकडे बाण काढायचा आणि बाण कुठे तुटतो ते लाल पेनाने दाखवायचं. त्या लाल पेनाचा मला भारी माज होता. कुणी तोंड उघडलं की मी मनात बाण काढायचो आणि बहुतेकांची मला कीव यायची.

बहिणीची मुलगी बारावी झाली. तिला माझ्या घरी राहून शिकायचं होतं. धुळ्याजवळच्या खेड्यात बहिणीच्या घरी शब्द चालतो तो तिच्या थोरल्या दिरांचा, आबांचा. ते नको म्हणत होते, म्हणून बहिणीने मला बोलावलं.

ओट्यावर आबा म्हणाले, शहरात शिकलेली पोर घर विसरते. शेजारची पोर नाही का विसरली? मला चेव आला. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर चौकटी काढल्या. "पाऊस पडला की अंगण भिजतं. पण अंगण भिजलं म्हणजे पाऊसच पडला का? कुणी सडाही टाकला असेल." शिवाय ती शेजारची पोर सातवी नापास, लग्न होऊन सुरतेला गेलेली! एवढंही या माणसाला दिसू नये? पालथ्या घड्यावर पाणी, हे कळूनही मी अर्धा तास पाणी ओतत राहिलो.

आबांनी शांतपणे चहा संपवला. "तुमनं बठ्ठं बरोबर शे," ते म्हणाले. "पन पोर जावाव नही." पोर जाणार नाही, एवढंच सांगून ते उठून शेतात गेले.

दारामागे उभ्या भाचीने 'सगळं बरोबर आहे' हे पहिलं वाक्यच धरून ठेवलं होतं. "मामा, तुमनं बरोबर शे ना? मंग मी बॅग भरू का?"

मी पत्रिकेची घडी करत बसलो.

बहीण एसटीपर्यंत सोडायला आली. तिने रडत सांगितलं ते मला लहानपणापासून ठाऊक होतं: मामाने पदर पसरून भाचीला शिकायला घरी न्यायचं मागितलं, तर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. आबा त्याचीच वाट बघत होते. पण त्या अडाण्यापुढे पदर पसरायचा, तोही मी? मला तर त्यांना हरवायचं होतं.

अठरा पूर्ण होताच आबांनी भाचीचं लग्न लावलं. नवरीला बोहल्यापर्यंत मामा नेतो. तो मान मात्र मी एका शब्दाचाही वाद न घालता घेतला.