दहा अक्षरं

प्रसादचा दुसऱ्या दिवशी सत्कार होता आणि भाषणासाठी त्याला बापाचा शब्द हवा होता. तेवढ्यासाठी तो कित्येक वर्षांनी जुन्या हुबळीतल्या दुकानात आला. गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून ड्रायव्हरवर खेकसून, बूट सांभाळत आला. रूपालीनं धाकट्या भावाला स्टूल दिलं, पाणीही दिलं. पाणी ती कुठल्याही गिऱ्हाइकाला देते.

"अक्का, अप्पांनी नंतर नवीन शब्द केला होता म्हणे. सांग की."

रूपाली साडीच्या घड्या घालत राहिली.

कापडाच्या पेठेत वाढलेल्याला शब्द म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगायचं तर, साडीच्या चिठ्ठीवर दुकानदार आपला खरेदीचा भाव अक्षरांत लिहून ठेवतो. घासाघीस करताना कुठवर उतरायचं ते त्याला दिसावं आणि गिऱ्हाइकाला कळू नये, म्हणून. त्यासाठी घराघराचा दहा अक्षरांचा एक शब्द असतो, कधी दोन-चार शब्दांचं वाक्यही असतं. त्यात एकही अक्षर पुन्हा येत नाही. पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं दोन, दहावं शून्य. काना-मात्रा सोडून द्यायच्या. शब्द बाप मुलाला सांगतो. मुलीला सांगत नाहीत, कारण ती दुसऱ्या घरी जाणार. रूपाली बाराव्या वर्षापासून दुकानात चिठ्ठ्या चिकटवत होती, तिला कुणी सांगितला नाही. प्रसादला पांडुरंगअप्पांनी आठव्या वर्षीच कानात सांगितला होता.

हा प्रसाद इंजिनिअर झाला आणि त्यानं दुकानदारांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर काढलं. चांगलं होतं, खोटं कशाला बोला. पण चिठ्ठी वाचायला यंत्राला दुकानाचा शब्द लागायचा, आणि परक्याला शब्द कोण सांगणार? तेव्हा या पठ्ठ्यानं व्यापाऱ्यांच्या बैठकीत, अप्पांच्या देखत, आपल्याच घरचा शब्द मोठ्यानं सांगून टाकला. अप्पांचा चेहरा पडला, पण मुलाच्या धंद्याची सुरुवात म्हणून गप्प बसले. पेठेला वाटलं, पांडुरंगअप्पांचा मुलगा स्वतःचा शब्द उघडा करतो, मग आपण काय भ्यायचं? बासष्ट दुकानांनी शब्द दिले. मधुकरशेठनी तर शटर खाली ओढून त्याच्या कानात सांगितला.

चार वर्षांनी प्रसादनं कंपनी बंगळूरच्या एका बड्या कंपनीला विकली. बासष्ट शब्द आणि त्यांच्यामागचे सगळे भाव त्यात गेले. कागदावर त्याला डेटा म्हणतात. त्या दिवाळीला हमरस्त्यावर त्या कंपनीचं चार मजली दुकान उघडलं. पेठ जी साडी ज्या भावानं विकत आणायची, त्याच्या दहा रुपये खाली तिथं ती विकायला होती. सात दुकानं वर्षाच्या आत बंद झाली. मधुकरशेठ त्यातले पहिले.

प्रसाद मात्र गब्बर झाला. मग तो गुंतवणूकदार झाला, म्हणजे गुबगुबीत खुर्चीत बसून पोरापोरींच्या कल्पना ऐकायच्या आणि मान हलवायची किंवा हलवायची नाही, हे काम. 'विश्वास कमवा' असं तो त्यांना तोंड वर करून सांगतो. घरचा जुना शब्द तो प्रत्येक भाषणात सांगतो आणि लोक हसून टाळ्या पिटतात. इथं मी तो शब्द लिहीत नाही. हवा असेल त्यानं व्हिडिओत शोधावा.

इकडे पेठेनं पांडुरंगअप्पांशी बोलणं टाकलं. आईला, कमलला, हळदीकुंकवाला बोलावणारं एक घर उरलं नाही. तिनं अंथरूण धरलं ते शेवटी तिला दवाखान्यातच न्यावं लागलं. नेमके तेच दिवस सगळ्या मालाच्या चिठ्ठ्या बदलायचे होते, कारण जुना शब्द आता साऱ्या गावाला पाठ होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून अप्पांनी औषधाच्या चिठ्ठीमागं सहा अक्षरं लिहिली, 'कमल घरी ये'. चार अक्षरं कमी पडत होती, ती सुचेनात.

कमल घरी आली नाही. दिवस झाल्यावर अप्पांनी उरलेली चार भरली: 'देव हसे'. मग त्यांनी रूपालीला बोलावलं, खडूनं टेबलावर दहाही अक्षरं लिहून दाखवली आणि तळहातानं पुसून टाकली. आईच्या मातीला प्रसाद एक दिवस आला होता आणि फाटकाजवळ फोनवर होता. त्यानंतर अप्पा वारेपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

"मी मुलगा आहे अक्का," प्रसाद स्टुलावरून म्हणाला. "सहा वर्षं अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. एवढं तरी मला मिळू दे की."

त्याचा आवाज खरोखर कापला. रूपालीचा हात घडीवर थांबला. शब्द तिच्या ओठांवर आला होता.

"सांगितला तर काय करशील?"

"उद्या सुरुवातच त्यानं करतो. जुना लोकांनी ऐकून ऐकून शिळा झालाय."

रूपालीच्या अंगाचा भडका उडाला. आईचं मरण याला टाळ्यांसाठी हवं होतं. याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं, पण समोरच्या दुकानातला शंकर बघत होता.

"साकु, पुरे झालं, प्रसाद. ऊठ आता."

"चिठ्ठ्या चिकटव मग जन्मभर!" तो ताडकन उठला. "दोन मिनिटांत काढीन मी तुझा शब्द. असल्या बासष्ट दुकानांचे माझ्या खिशात होते."

"काढ."

त्यानं फोन बघितला आणि त्याला काहीतरी आठवलं. बायकोनं, स्मृतीनं, गुळेदगुड्डचा खण आणायला सांगितलं होतं. रूपालीनं गठ्ठा पुढं टाकला. त्यातला लाल काठाचा एक त्यानं उचलला. त्याची खरेदी एकशे तेवीस रुपयांची होती. प्रसादनं चिठ्ठी उलटी केली, रूपाली बघत राहिली.

"कमल?" त्यानं वाचलं. "आईच्या नावानं ब्रँड काढलास काय? छान आहे. लोकांना भिडतं असलं."

रूपालीनं त्याच्या हातातला खण घेऊन कागदात गुंडाळला.

"होय," ती म्हणाली. "ब्रँडच."

दोनशे दहा रुपये झाले. त्यानं दोनशे घे म्हटलं. तिनं दोनशे दहाच घेतले.