लाल मातीची पावलं

मी अशा ठिकाणी पहिल्यांदाच लिहितेय. चूक झाली तर सांभाळून घ्या. खरं तर लिहावं की नाही यावरच बरेच दिवस अडून होते... कारण ज्यांना सांगितलं त्यांतले अर्धे हसले, आणि उरलेल्या अर्ध्यांनी हात जोडले. मला दोन्ही नको होतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, हे लिहिताना थोडी लाजही वाटते. कारण माझे बाबा गावचे गडो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — डिचोली तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आमचा गाव आहे. होळीच्या पुनवेला आमच्याकडे काही ठरलेल्या घरांतल्या पुरुषांवर भार येतो. त्यांना गडे म्हणतात. सोवळं धोतर, उघडं अंग, अनवाणी पाय. ढोल वाजू लागले की ते डोंगराकडे धावत सुटतात. गावाचा राखणदार देवचार त्यांना तिथे दिवट्या दाखवतो, असं म्हणतात. एकदोघांना तो लपवूनही ठेवतो. मग बाकीचे गडे त्यांना शोधतात आणि लाकडासारखं ताठ झालेलं अंग खांद्यावरून देवळात आणतात. तिथे ते शुद्धीवर येतात.

मी रसायनशास्त्र शिकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. उपास, जागरण, ढोलांचा ठेका... माझ्या डोक्यात या सगळ्याची मांडणी तयार होती. बाबांना मी ती कधी सांगितली नाही, एवढंच. पण एक नियम मात्र मी लहानपणापासून पाळत आले होते. धावणाऱ्या गड्याला हाक मारायची नाही. त्या वेळी तो आपला कोणी नसतो. हाक मारली तर तो ना इकडचा राहतो, ना तिकडचा. हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

मागच्या वर्षी कॉलेजच्या एका योजनेतून मला एका सेमिस्टरसाठी पोर्तुगालला जायला मिळालं. बाबा पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर इकडे तिकडे करत शेवटी मोपाला विमानतळाच्या पार्किंगमध्ये लागले. मला पोचवायला ते ड्यूटीच्या कपड्यांतच आले. "आतां तू वयर, मी सकल," आधी आकाशाकडे, मग खाली पार्किंगकडे बोट दाखवत म्हणाले आणि स्वतःच हसले.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी धावायला साफ मनाई केली. मी फोनवर रडले, भांडले. शेवटी त्यांनी शब्द दिला, "बरां गो बाय. औंदा फकत देवळात बसतंय." माझा त्या शब्दावर विश्वास बसला नव्हता. ढोल वाजल्यावर बसून राहणं त्यांच्या हातात नसतं, हे माझ्या सगळ्या मांडणीपलीकडे मला ठाऊक होतं.

नेमके तेच दिवस आम्हाला सुट्टीचे आले. माझ्याबरोबर पेडण्याची सुलक्षा होती. ती म्हणाली, खोलीत बसून काळजी करण्यापेक्षा चल, समुद्र बघू. मार्चमध्ये तिकडे सीझन नसतो, म्हणून सगळं स्वस्त. आम्ही सगळ्यात स्वस्त बस पकडून दक्षिणेकडच्या अल्गार्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात गेलो. जेवण म्हणजे बरोबर नेलेला पाव आणि उकडलेली अंडी. खोलीत हीटरचे वेगळे पैसे, म्हणून आम्ही दोघी जॅकेट घालूनच झोपायचो.

गाव सगळं मिटलेलं. हॉटेलांच्या खुर्च्या उलट्या करून साखळीने बांधलेल्या, आइस्क्रीमच्या गाड्यावर ताडपत्री. सुलक्षाला तिच्याकडचा केरीचा किनारा आठवला. "अगो, ही तर जून म्हयन्यातली आमची केरी! फकत पावस नाय."

"आणि माणसां नाय," मी म्हटलं.

"माणसां कशाक होयीत? सगळी पोरी पटवूक येणारी. बरां झालां, नाय तीं."

खूप दिवसांनी मी हसले होते.

पुनवेच्या दिवशी संध्याकाळी आम्ही किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर बसलो होतो. पांढऱ्या दगडी फरशांचा रस्ता, समोर वाळू. वाळूवर एक निळी होडी पालथी घातलेली आणि तिच्यावर एक तांबूस मांजर झोपलेलं. ऊन उतरत होतं. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र झाली असणार... ढोल सुरू होऊन बराच वेळ झाला असणार. मी घरी फोन लावत होते, कोणी उचलत नव्हतं. सगळे देवळाकडे. सुलक्षा परतीच्या बसची वेळ बघायला वर स्टॉपवर गेली. वारा फार होता, म्हणून मी तिची केशरी ओढणी डोक्याला गुंडाळली होती.

तेव्हा मला ते दिसले.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक माणूस धावत येत होता. उघडा, धोतर, अनवाणी. त्या थंडीत! आधी वाटलं, कोणी व्यायाम करणारा असेल. पण धावणं ओळखीचं होतं — डावा खांदा थोडा पुढे काढून. माझे बाबाच तसे धावतात.

ते माझ्यासमोरून गेले. अगदी समोरून. होडीजवळ पोचल्यावर थांबले, वळले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. गड्यांचे डोळे कसे असतात ते मी पाहिलंय — उघडे, पण कुणाकडेच न बघणारे. हे डोळे तसे नव्हते. ते मला बघत होते.

माझ्या तोंडात 'बाबा' हा शब्द आला होता. खरंच आला होता. आणि मी तो गिळला. गड्याला हाक मारायची नाही... मी खाली मान घालून डोळे मिटले, जशी देवळासमोर उभी राहायचे तशीच. उघडले तेव्हा होडी होती, मांजर होतं. दुसरं कोणी नव्हतं.

सुलक्षा परत आली आणि खाली बघून म्हणाली, "हय कोण गो उघड्या पायान चल्लो? मरतलो थंडीन." फरशांवर लाल मातीची पावलं होती. होडीच्या दिशेने जाणारी. परतणारी नव्हती. प्रामाणिकपणे सांगते, तिथले कडेही लालच आहेत. ती माती तिथलीही असू शकते.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. बाबा धावले होते. देवचाराने लपवलेल्यांत तेही होते, आणि सगळ्यात शेवटी तेच सापडले, डोंगरावरच्या काजूंच्या झाडांत. देवळात आणल्यावर बाकीचे उठून बसले. बाबा उठले नाहीत. हॉस्पिटलात कळलं, मेंदूला झटका येऊन डावं अंग गेलंय. आईने मला बजावलं, शिक्षण सोडून येऊ नकोस, बाबांनाही ते आवडणार नाही. मी सेमिस्टर संपवूनच आले.

घरी आले तेव्हा बाबा व्हरांड्यात खुर्चीवर होते. बोलणं जड झालेलं, एकेक शब्द शोधत बोलायचे. आई आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं.

"तो बोको... होडयेर न्हिदलेलो," ते म्हणाले. "आनी तुज्या माथ्यार केशरी कपडो."

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सुलक्षाला सोडून कुणालाच नाही, आणि सुलक्षा आमच्या घरी कधी आलेली नाही.

मग ते म्हणाले, "तू माका हाक कित्याक मारूक नाय?"

मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत ना बाबा... गड्याला हाक मारायची नाही."



"थंय मी गडो नव्हतंय गो," ते म्हणाले. "थंय मी तुजो बापूस होतंय. वाट चुकलेलो."

काका म्हणतात, हाक मारली नाहीस तेच बरं केलंस. नाहीतर ते तिकडेच राहिले असते, इथे नुसतं अंग सापडलं असतं. सुलक्षा म्हणते, हे सगळं काळजीने झालं, मन खेळ करतं. डॉक्टर म्हणतात, त्या वयात, त्या छातीने धावल्यावर दुसरं काय होणार. तिघांचंही मला पटतं आणि एकाचंही पुरतं पटत नाही. मांजराचं उत्तर कुणाकडेच नाही. मी हाक मारली असती तर ते धड परत आले असते का, हे सांगणारंही कोणी नाही.

आता मी घरूनच कॉलेजला जाते. बाबा काठी घेऊन थोडं चालतात, तुळशीपर्यंत आणि परत. ते पाठमोरे दिसले की मी हाक मारते. काम काही नसतं.

"कितां गो?" ते विचारतात.

"काय नाय बाबा," मी म्हणते.