सासूबाईंचा होमरनवाला

सासूबाई नागपूरहून आमच्याकडे टोरांटोजवळ मिल्टनला आल्या आणि पहिल्याच सकाळी त्यांनी मला विचारलं, "मी चहा केला तर चालेल का?" मी चाटच पडले. लग्नाआधीपासून मी या बाईंच्या रागाचे किस्से ऐकत आले होते. त्यांचा आवाज चढला की म्हणे गल्लीतला दूधवाला सायकलवरून उतरून उभा राहायचा. नवरा सांगायचा, आई ओरडली नाही असा दिवस म्हणजे तिला ताप आलेला दिवस. आणि इथे ही बाई माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी दारात उभी राहून चहाची परवानगी मागत होती.

सासरे आदल्या वर्षी गेले होते. तेव्हापासून त्या अशाच झाल्या होत्या. जेवणात काय हवं विचारलं की "काहीही चालेल", बाहेर जाऊ या म्हटलं की "तुम्ही म्हणाल तसं". परतीचं तिकीट नोव्हेंबरअखेरचं होतं. कायमच्याच राहा, तुमच्यासाठी अप्लाय करतो, असं नवऱ्याने दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा त्या "बघू" म्हणाल्या, आणि त्यांच्या घरात "बघू" म्हणजे नाही. त्या नागपूरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एकट्या बसलेल्या मला डोळ्यांसमोर दिसायच्या. त्यांनी राहावं असं मला वाटत होतं. पण त्याहीआधी, त्यांनी मला एकदा चांगलं झापावं असं वाटत होतं. पुण्याला आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, एकदा डॉक्टरला दाखवून घे.

बेसबॉल आमच्या घरात शिरला तो माझ्या ऑफिसमुळे. टीममधले सगळे सोमवारी सकाळी त्यावरच बोलायचे आणि मी नुसती मान डोलवायचे, म्हणून एका संध्याकाळी आमच्या टोरांटोच्या संघाची मॅच लावली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. सासूबाई सोफ्यावर गवार मोडत बसल्या होत्या. तेवढ्यात एका धिप्पाड माणसाने बॉल असा टोलावला की तो थेट प्रेक्षकांत जाऊन पडला.

"सिक्सर ना हा?" त्यांनी विचारलं.

"याला होमरन म्हणतात, आई."

"मग पळतोय कशाला? बॉल तर गेला बाहेर."

मी नवऱ्याकडे बोट दाखवलं, त्याने फोनवर शोधायला घेतलं. पुढच्या मॅचला त्या बरोब्बर वेळेवर येऊन बसल्या. जन्मभर सासऱ्यांच्या शेजारी बसून क्रिकेट पाहिलेली बाई, त्यांना खेळ कळायला कितीसा वेळ लागणार? आठवड्याभरात त्या मला शिकवू लागल्या. पेपरात छापून येणारा संपूर्ण लीगचा तक्ता मी त्यांना वाचून दाखवायचे. होमरनमध्ये पहिला कोण, धावा आणण्यात कोण, सरासरीत कोण. होमरनमध्ये आमचा धिप्पाड सगळ्यांच्या वर होता. सरासरीत मात्र खूप खाली. आणि बाद होण्याच्या यादीतही त्याचं नाव बघता बघता वर चाललं होतं.

"दहातून तीनदा मारलं तर इथे हिरो म्हणतात," त्या म्हणाल्या, "आणि याला तेवढंही जमत नाही. पण मारतो तेव्हा मारतो." मग थोडं थांबून, गवारीकडे बघत, "आमच्या ह्यांच्यासारखाच आहे." सासऱ्यांचं नाव निघालं आणि त्या हसल्या, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

जुलैमध्ये एकदा तो धिप्पाड लागोपाठ तीन वेळा बॅट हवेत फिरवून मान खाली घालून परत निघाला, आणि सोफ्यावरून अस्सल नागपुरी आवाज आला, "डोयाच्या वरून चाललेल्या बॉलले काहून हात लावला बे तू?" माझ्या हातातला झारा तसाच राहिला. नवऱ्याने लॅपटॉपवरून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं. पहिलीच वेळ होती, अंगणात चिमणी उतरल्यावर माणूस जसा जागचा हलत नाही तसे राहिलो. त्यानंतर रोज संध्याकाळी पंच, बॉल टाकणारा पिचर, कोच, सगळ्यांचा उद्धार होऊ लागला. मला मात्र अजूनही "जरा मीठ देतेस का?"

ऑगस्टमध्ये पेपरात त्याचा पानभर फोटो आला. सासूबाई तो बघून गंभीर झाल्या. "एवढे लोक त्याच्याकडे डोळे लावून बसलेत," त्या म्हणाल्या. त्या दिवशी तो खेळायला उतरला तेव्हा त्यांनी मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, टीव्हीवरून तीनदा ओवाळल्या आणि कढई तापवून त्यात टाकल्या. आता आमचं ते नवं कोरं टाउनहाउस, खिडक्या एसीसाठी बंद, आणि स्वयंपाकघराच्या छतावर स्मोक अलार्म. मी आडवी येईपर्यंत तो किंचाळायलाही लागला होता. भिंतीपलीकडच्या शेजारणीने घाबरून 911 लावला, आणि थोड्याच वेळात आमच्या दारात लाल बंब उभा.

दोन दांडगे बंबवाले बूट वाजवत आत आले आणि दारातच खोकायला लागले. आम्हीही खोकत होतो. सासूबाई खोकत खोकत खूश झाल्या होत्या, कारण ठसका लागला म्हणजे दृष्ट लागलेली नाही असा त्यांच्याकडचा हिशोब. मी लाजेने अर्धमेली होऊन त्या दोघांना सांगितलं, माझी सासू बेसबॉलच्या खेळाडूची नजर उतरवत होती. त्यातल्या थोराड गड्याने डोळे पुसत टीव्हीकडे पाहिलं. अलार्मचा गोंगाट चालू असतानाच तिकडे होमरन लागला होता आणि आमचा धिप्पाड मजेत मैदानाला चक्कर मारत होता. "मॅडम," तो म्हणाला, "कॅन शी डू द पिचर्स टू?" मी भाषांतर केलं. सासूबाई म्हणाल्या, "पिचरले मिरच्या नाही, मेहनत पाहिजे." तेही मी भाषांतर केलं, आणि तो माणूस दाराची चौकट धरून हसला. ते गेल्यावर मी जमिनीवर बसून पोट दुखेपर्यंत हसले. सासूबाईही हसल्या. पण मग लगेच म्हणाल्या, "तुला त्रास झाला माझ्यामुळे. सॉरी हं." माझं हसू तिथेच विरलं.

सीझन संपला. होमरनमध्ये आमचाच पहिला राहिला. इथल्या पत्रकारांनी त्याला संघातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, तेव्हा सासूबाईंनी बेसनाचे लाडू केले. मग त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांतला उत्तम फलंदाज म्हणून त्याला चांदीची बॅट मिळाली, तेव्हा त्यांनी फक्त "किती तोळ्यांची?" एवढं विचारलं आणि शिरा केला. आता उरला होता लीगचा सगळ्यात मोठा किताब. तिकडे त्यांची बॅग अर्धी भरून झाली होती. मी त्या खोलीत जायचंच टाळत होते.

निकाल दुपारी लागला. किताब भलत्याच खेळाडूला. मी कांदा चिरत होते, आणि मनात तर त्यांचं जाणं घोळत होतं. त्यांचं तोंड उतरलेलं पाहून मी आपलं म्हटलं, "जाऊ द्या हो आई."

"जाऊ द्या काहून म्हणून राहिली तू?" भांडी हलतील असा आवाज. "साऱ्या लीगमध्ये पोराने जास्त मारले आणि म्हणे जाऊ द्या. अशीच ना तू. कांदा असा जाडा चिरते, पोया वातड करते, फोडणी करपवते, आणि वरून जाऊ द्या. मी आली तेव्हापासून पाहून राहिली. बोलली नाही तर घर असंच चालवशील का?"

मी सुरी धरून उभी राहिले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि त्या कांद्याच्या नव्हत्या. इतका आनंद मला प्रमोशन मिळालं तेव्हाही झाला नव्हता. बेसमेंटमधून नवरा धावत वर आला आणि जिन्यातच थांबून ऐकत राहिला.

"आणि तू," त्या त्याच्याकडे वळल्या, "ते अप्लाय का काय ते करणार होता ना? करून टाक. इथे कोणाचं कशात लक्ष नाही."

मी पुढचा कांदा घेतला आणि मुद्दाम आणखी जाड चिरायला लागले.