जिन्यातली बाटली

आमच्या घरात अंडं येत नाही. पडाव भागातल्या बेकरीतून केक आणला तर सासूबाई आधी खोक्यावरचा हिरवा ठिपका शोधतात, आणि चष्मा हाताशी नसला तर माझ्या मुलीला शोधायला लावतात. अशा बाईंनी पंचाहत्तरी उलटल्यावर माशाचं तेल घ्यायला सुरुवात केली, हे आमच्या नात्यात कुणाला सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील. म्हणून मी सांगितलंही नाही.

बाटली आणली नणंदेने. ती बंगळूरला असते आणि दर दिवाळीला आमच्या तब्येतीची नवी काळजी घेऊन ग्वाल्हेरला येते. या वेळी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल होत्या. हृदयाला चांगल्या, सांध्यांना चांगल्या, डोळ्यांना आणि मेंदूलाही. जगात असा अवयव उरला नव्हता ज्याला त्या चांगल्या नव्हत्या. आता ही बाटली सरळ कचऱ्यात जाणार, अशी माझी खात्री होती. सासूबाईंनी झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि विचारलं, ही ठेवायची कुठे?

हा प्रश्न सुटायला अख्खा दिवस गेला. स्वयंपाकघरात नाही. फ्रिजमध्ये नाही, कारण तिथे नैवेद्याचं दही असतं. औषधांच्या डब्यात तर मुळीच नाही, कारण तो डबा देवघराच्या खालच्या फळीवर. शेवटी दाराबाहेर, जिन्यातल्या कोनाड्यात, चपलांच्या कपाटाशेजारी बाटलीची सोय झाली. सोबत एक वेगळा स्टीलचा पेला. रोज सकाळी आंघोळीच्या आधी सासूबाई बाहेर स्टुलावर बसत, कॅप्सूल गिळत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, चूळ भरत आणि थेट न्हाणीघरात जात. देवाची माफी मागत असतील, असं मी धरून चालले. मला जरा रागच यायचा. घ्यायचं तर उजळ माथ्याने घ्यावं, नाहीतर घेऊ नये. देवाला काय जिन्यातलं दिसत नाही? माझी मुलगी मात्र मजेत असायची. "आजी का फिश टाइम चालू आहे, कोई बाहर मत जाना," असं ओरडायची, आणि सासूबाई बाहेरूनच तिला रागवायच्या.

उन्हाळा लागता लागता सासूबाईंच्या हातांवर काळे-निळे डाग दिसायला लागले. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. एक दाढ काढायची होती म्हणून त्यांना फूलबागजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं, तर त्यांनी दाढेऐवजी डागच बघितले आणि दाढ न काढता हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं. सासूबाईंच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी त्या आधीपासून घेतात. चालू असलेली सगळी औषधं घेऊन या, असा निरोप होता. मी देवघराखालचा डबा उचलला आणि निघाले.

हृदयाच्या डॉक्टर तरुण बाई आहेत, शांत बोलणाऱ्या. त्यांनी डब्यातली एकेक पट्टी बघितली. सगळं त्यांनीच लिहिलेलं, सगळं मापात. मग हे डाग कशाचे? याशिवाय आणखी काही घेता का, त्यांनी विचारलं. सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी ठामपणे "नहीं" म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. डब्यात नाही ते आमच्या लेखी औषधच नव्हतं. घरात सहा महिने ज्याची थट्टा चालली होती, ते मला त्या खुर्चीत आठवलंच नाही. डॉक्टर रक्ताची तपासणी लिहायला लागल्या तेव्हा कुठे जिना डोळ्यांपुढे आला.

मी सांगितलं. किती घेतात, असं विचारल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या की होळीपासून दोन दोन. एकीने फरक वाटेना म्हणून.

डॉक्टर रागावल्या नाहीत. तेल म्हणजे विष नव्हे, त्या म्हणाल्या. रक्तात चरबी फार वाढलेल्या काही जणांना त्या स्वतः असं औषध मोजून देतात. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मनाने वाढवलेलं तेल रक्तस्रावात भर घालू शकतं, आणि जास्त मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके आणखी बिघडतात. डाग याचेच, असं त्या छातीठोकपणे सांगेनात. तूर्त बंद करा, तपासणी करा, आणि काहीही घेतलं तरी आम्हाला सांगा, एवढंच म्हणाल्या.

तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा मान वळवली. "और याददाश्त? उससे याददाश्त रहती है ना?"

या गोळ्यांनी विसरणं टळतं, असा पक्का पुरावा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

सासूबाई माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच बाटले."

डॉक्टरांनी त्या काय म्हणाल्या ते विचारलं. मी म्हटलं, "कुछ नहीं."

परतताना ई-रिक्षात त्या आपणहून बोलल्या. त्यांची थोरली बहीण बिर्लानगरला राहायची. शेवटच्या वर्षी ह्या भेटायला गेल्या तर तिने दारात हसून स्वागत केलं, पाणी दिलं, आणि आम्ही इथले मराठी लोक अनोळखी मराठी बाईला विचारतो तसं अगदी आदराने विचारलं, "आपण कोणाकडच्या?"

"सख्खी बहीण गं," सासूबाई म्हणाल्या. "मी काय सांगू तिला? म्हणून मी ठरवून घेतलं, मासा तर मासा. रोज गोळी घेऊन तुम्हा सगळ्यांची नावं एकदा म्हणून घ्यायचे. कळायला नको, एखादं नाव गळतंय का?"

इतके महिने मी ज्याला देवाची माफी समजत होते, ती आमची नावं होती. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्यांचाही राग आला. हे आधी सांगायला काय झालं होतं?

बाटली गेली. तपासण्या झाल्या, डाग हळूहळू फिके पडले, दाढ डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुखरूप निघाली. नणंदेला मी फोनवर सगळं सांगितलं. पेला मी राखेने घासून आत आणायला निघाले तर सासूबाईंनी अडवलं. असू दे तिथेच, म्हणाल्या.

अजूनही रोज सकाळी आंघोळीच्या आधी त्या जिन्यात जातात. पेल्यातून नुसतं पाणी पितात आणि डोळे मिटून सुरू करतात. आधी गेलेल्या बहिणीचं नाव, मग लेकीचं, लेकाचं, नातवंडांचं. माझं सगळ्यात शेवटी येतं. तेवढा वेळ मी दुधाखालचा गॅस बारीक करून दाराआड उभी असते. माझं नाव आलं की गॅस मोठा करते.