बोरीच्या अलीकडची कोप

लातूरच्या गंजगोलाईत दानम्मा बाजाराला निघाली की दुकानदार हातातलं घाईचं काम आधी उरकून घेत. कारण दानम्मा विकत घ्यायला फारशी येत नसे. ती विचारायला येत असे. ही तूर कुठल्या शिवारातली? या लुगड्याचा रंग पहिल्या धुण्याला जातो की नवऱ्याला दाखवून झाल्यावर? मघाच्या बाईनं एवढा गूळ कशाला नेला, घरात बारसं आहे की जावळ? गोलाईला चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात, आणि त्यातल्या प्रत्येक रस्त्यानं एक तरी बातमी आपल्याला येऊन मिळालीच पाहिजे, असा तिचा दंडक होता.

तिचा नवरा गुरुपादप्पा याचं गोलाईतच भांड्यांचं दुकान. माणूस अबोल. वर्षभराचं बोलणं बायको बोलून टाकत असल्यामुळं त्याला कधी गरजच पडली नाही. फार झालं तर एवढंच म्हणे, "माझ्याकडं गिऱ्हाईक घागर वाजवून घेतंय. आमची ही मानूस वाजवून घेती."

सिद्धेश्वराच्या जत्रेत लोक आकाशपाळण्यात बसत, दानम्मा पाळणेवाल्याच्या शेजारी बसून त्याला विचारी, "दिवसभर लोकाला फिरवून तुला घरी गेल्यावर चक्कर येत न्हाई का रे?" सुटीत एकदा सगळं घर नांदेडला गेलं. गोदावरी झाली, गुरुद्वाऱ्याचं दर्शन झालं, लंगरात जेवण झालं. तिथली डाळ जेवून दानम्मा विचारात पडली, की एवढ्या मोठ्या कढईत डाळ तळाला लागत कशी नाही? ती विचारायला म्हणून आत गेली, आणि गुरुपादप्पा शोधत आला तेव्हा बाई रोट्या लाटत बसली होती. संध्याकाळची एसटी गेली. मुक्काम वाढला. पण डाळ का लागत नाही ते कळलं होतं, त्यामुळं दानम्माच्या मते सहल सुफळ झाली.

अशा दानम्माची एकुलती एक लेक गिरिजा लग्नाची झाली, तेव्हा मात्र तिला एक प्रश्न असा पडला की जो कुणाला विचारता येईना.

ते साल मोठं गमतीचं. लातूर जिल्हा झाला होता. कालपर्यंत प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादची एसटी पकडणारी माणसं आता आपल्याच गावात हेलपाटे घालू लागली आणि त्यातच धन्यता मानू लागली. पाट्या रंगवणाऱ्याला जेवायला सवड नव्हती. दानम्माची मानही वीतभर उंच झाली. भाजीवालीला ती "आमी आता जिल्ह्याची मानसं" असं बजावून मग कोथिंबीर फुकट मागू लागली. पण जिल्हा झाल्याची बातमी पावसाला कुणी कळवली नव्हती. तो आला, भुरभुरला आणि परत गेला. विहिरी खाली गेल्या. म्हातारी माणसं बहात्तरच्या दुष्काळात वाटलेल्या सुकडीची आठवण काढू लागली.

आणि नेमकं तेव्हाच औशाच्या वाटेवरच्या एका खेड्यातून गिरिजाला स्थळ आलं. नीलम्मा नावाची विधवा बाई, तिचा एकुलता मुलगा शिवमूर्ती, काळी जमीन आणि एक विहीर. सगळं चांगलं, घोडं अडलं ते विहिरीशी. दुष्काळाच्या साली लेक द्यायची तर आधी विहिरीत बघावं आणि मग मुलाच्या तोंडाकडं. पण होणाऱ्या विहिणीला "तुमच्या विहिरीला पाणी किती?" असं विचारायचं कसं? ते तर "तुमच्या पेटीत काय आहे?" असं विचारण्यासारखं झालं. सगळ्या गोलाईला प्रश्न विचारणाऱ्या दानम्माची जीभ इथं पहिल्यांदा अडखळली. गिरिजाला रात्रंदिवस डोक्यावर घागरी वाहायला लागल्या तर?

वाट काढली ती मध्यस्थ सिद्रामप्पानं. "येळवशीला जावा की त्यांच्या शेतात," तो म्हणाला. "जेवा, पोरगा बघा, विहीर दिसंलच. सोयरिकीचं कुनी तोंडातनं काढायचं न्हाई. जमलं तर जमलं. न्हाई तर सन झाला, जेवन झालं."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर ओस पडतं आणि शेतं गजबजतात. ज्याच्या त्याच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहते, आत चुन्यानं रंगवलेल्या दगडांचे पांडव बसतात, आणि मग सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर यांच्यावर सगळा मुलूख तुटून पडतो. वाटेनं जाणाऱ्यालाही ओढून आणून बसवायचं, अशी रीत. आणि त्याचं पोट भरेपर्यंत नावगाव विचारायचं नाही. विचारलं तर "तू कशाला आलास?" म्हटल्यासारखं होतं.

सिद्रामप्पाला स्वतःच्या रानात पाहुणे असल्यामुळं तो सोबत येणार नव्हता. त्यानं खूण सांगितली: "फाट्यावर उतरा. गाडीवाटेनं चाललं की बांधावर मोठी बोर दिसती. बोरीपाशी कडब्याची कोप हाय. तीच."

येळवशीच्या दिवशी 'कडब्याची कोप' ही खूण सांगणं म्हणजे दिवाळीत 'दारात पणती असलेलं घर' म्हणून पत्ता देण्यासारखं. पण सांगणारा इथला, ऐकणारी इथली. कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तिघं फाट्यावर उतरली. गिरिजानं नवं जांभळं लुगडं नेसलं होतं. ते घेताना आईनं दुकानदाराला घाम फोडला होता. बोर दिसली. बोरीच्या अलीकडं कोप होती, आणि बांधावर उभा राहून एक भस्म लावलेला गृहस्थ दोन्ही हातांनी बोलवत होता, "या, या! किती उशीर केलाव!"

"बघा," दानम्मा नवऱ्याला म्हणाली, "डोळे लावून बसलेत."

तो गृहस्थ सकाळपासून वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणत होता, हे तिला कुठून कळणार?

कोपीत एक हसरी बाई वाढत होती आणि एक दांडगा तरुण आंबिलीचं मडकं तिरपं करून सगळ्यांचे लोटे भरत होता. "हाच," दानम्मानं गिरिजाला कोपरानं ढोसलं. गिरिजा बापावर गेलेली. तिनं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. विधवेच्या घरी हा भस्मवाला कोण? असेल मुलाचा चुलता. आणि बाईच्या गळ्यात मंगळसूत्र? ते पदराखाली होतं, आणि दानम्माचं सगळं ध्यान त्या वेळी पानावर होतं.

कारण भज्जी. दुष्काळामुळं त्या साली भाज्या नावाला, शेंगा मोजक्या; तरी ही भज्जी अशी, की दानम्मानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आंबट, पण चिंचेचं आंबट नव्हे. मागून गोडसर काहीतरी येतंय, आणि ते काय ते सापडत नाही. तिनं दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा घेतली. ही विचारपूस जिभेनं चालली होती म्हणून रीतीत बसत होती.

"आंबट कशाचं हो हे?" शेवटी तिला राहवलं नाही.

"बोरं ठेचून घातली, अक्का," ती बाई लाजून म्हणाली. "चिंच औंदा धरलीच न्हाई. बोर मातर लगडलीया. घ्या आनखी."

हात धुवायच्या निमित्तानं दानम्मा विहिरीकडं गेली, काठावर वाकली. खाली पाणी चमकत होतं. नुसतं हात-दोन हात नव्हे, पार पायऱ्या बुडालेल्या. दुष्काळाच्या साली! दानम्माचं काळीज सुपाएवढं झालं. काय सुगरण बाई, काय कष्टाळू मुलगा, काय विहीर! मध्यस्थानं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. पण आनंद आणि आंबील दोन्ही डोक्यात चढलेली. ती कोपीत परतली आणि म्हणाली, "अक्का, आता झाकून कशाला ठेवायचं? आमची पोरगी दिली तुमच्या घरात!"

आंबिलीचं मडकं तिरपंच राहिलं.

"कुनाला दिली?" भस्मवाल्यानं विचारलं.

"ह्येलाच की. शिवमूर्तीला."

"ह्यो बसवंत हाय," ती बाई हळूच म्हणाली. "ह्याचं लगीन मागल्या सालीच झालं. सून बाळंतपनाला म्हायेरी गेलीया."

बसवंतनं घाईघाईनं मडकं खाली ठेवलं आणि तो उगीचच बैलांकडं गेला.

हा नीलम्माच्या भाऊबंदांतला मलप्पा, आणि ती त्याची बायको गंगम्मा. नीलम्माची कोप बोरीच्या पलीकडं होती. आणि ती बोर, जिच्या बोरांनी भज्जीला अशी चव आली होती, ती नेमकी बांधावर असल्यामुळं कुणाची, यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. म्हणजे मुलगी बघायला आलेली माणसं भाऊबंदांच्या भांडणातल्या झाडाची बोरं पोटभर खाऊन बसली होती, तीही दुसऱ्याच्या पानात.

गुरुपादप्पा उठला. चपला घालता घालता एवढंच म्हणाला, "आयुष्यभर विचारलंस. आजच न्हाई विचारलंस."

गंगम्मानं भज्जीचं पातेलं उचललं. "मी येते संगट. तुमची चूक न्हाई, आमच्या ह्यांनीच हाका मारल्या. पायजे तर मला बोलू द्या."

पलीकडच्या कोपीत पानं मांडलेली होती आणि एकावरही काही वाढलेलं नव्हतं. पांढऱ्या लुगड्यातली नीलम्मा कोपीच्या तोंडाशी बसली होती. पाहुण्यांनी घास घेतल्याशिवाय तिनंही घेतला नव्हता, मुलानंही. शिवमूर्ती अंगानं बारीक, उन्हानं रापलेला. पाहुणे बघून तो घाईनं उठला आणि पागोटं सारखं करू लागला.

दानम्मानं बांधावरूनच आधी विचारलं, "नीलम्मा तुमीच ना?" आणि मग काही न लपवता सगळं सांगितलं. कोप चुकली, जेवण झालं, मुलगी देऊनसुद्धा झाली.

नीलम्मानं सगळं ऐकून घेतलं. गंगम्माच्या हातातल्या पातेल्याकडं बघितलं. "भज्जी कशी झाली होती तिची?"

हा प्रश्न अवघड होता. खोटं बोललं तर सोयरीक सुरू होण्याआधीच खोटं. खरं बोललं तर सोयरीक बहुतेक संपलीच. दानम्मा म्हणाली, "अशी भज्जी मी जन्मात खाल्ली न्हाई, अक्का."

नीलम्मानं हात पुढं केला, पातेल्यातली बोटभर भज्जी चाखली आणि बराच वेळ जीभ टाळ्याला लावून बसली. "माझ्याच बोरीची हायेत," ती म्हणाली. "पर ठेचून घालायचं मला सुचलं न्हाई. बस, गंगे. बी काढून घातलीस का तशीच?"

दोघी बोरांच्या बियांवर बोलू लागल्या. दानम्माला वाटलं, आता विहीर बघून घ्यावी. पण नीलम्माच उठली. "तुमाला विहीर बघायची आसंल. चला. मध्यस्थ म्हनाला व्हता, पानी शेंदून काठावर भांडी भरून ठेवा, म्हंजी कुनी वाकून बघत न्हाई. मला ते पटलं न्हाई."

विहिरीत ओंजळभर पाणी होतं. तळाचा दगड दिसत होता, त्यावर एक बेडूक बसला होता.

"पूस म्हैनाभर पुरंल," नीलम्मा म्हणाली. "म्होरं तळ्याखालच्या झऱ्यावरनं आनावं लागतंय. आता तुमी बघितलंत. न्हाई म्हनलात तरी मला राग न्हाई."

दानम्माच्या डोळ्यांसमोर मलप्पाची मघाची भरलेली विहीर चमकली. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात गिरिजा पुढं झाली आणि काठावर वाकली. आईला वाटलं, बिचारी घाबरली. पण गिरिजा शिवमूर्तीकडं वळली. अनोळखी माणसाला तिनं आपण होऊन विचारलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

"झऱ्यावरनं पानी कोन आनतंय?"

"मी," शिवमूर्ती म्हणाला. "गाडीवर पिंप ठेवून."

"रोज?"

"दिसाआड. बैलालाबी दम लागतोय."

"आन् बाया?"

"बाया घरी ऱ्हातेत," नीलम्मा मधेच म्हणाली. "आमच्या घरात सुनंच्या डोईवर कंदी घागर दिली न्हाई. अजून सूनच आली न्हाई, म्हनून छातीठोक सांगते."

गिरिजा हसली, मग शिवमूर्तीही हसला, जरा उशिरानं.

"बैलांची नावं काय?" गिरिजानं विचारलं.

"अगं, बैलांची नावं कशाला—" दानम्मा बोलू लागली.

"अव्वा, तू गप. मला विचारू दे."

दानम्मा गप्प झाली. शिवमूर्ती बैलांची नावं सांगत होता, कोणता मारका आहे, कोणता गाडी उलटी ओढतो, हे सांगत होता, आणि गिरिजा एकामागून एक विचारत होती. विचारून झालं, आणि पोट आधीच तुडुंब भरलेलं असूनही गिरिजा कोपीत परतून त्या न वाढलेल्या पानावर जाऊन बसली.

गुरुपादप्पा तिच्या शेजारी बसला. नीलम्माकडं बघून म्हणाला, "वाढा, इहीनबाई. पोरीला भूक लागलीया."