चतकोर

रविवारी दुपारी कालिंदी शेवाळे आडवी होते ती गणिताच्या पुस्तकातल्या चित्रालेखाच्या नावाने बोटं मोडतच. वैतागाने जेवणही गेलेलं नाही. ताट स्टुलावर तसंच झाकून ठेवलंय, त्यात आख्खी भाकरी आहे. नवरा गावी गेलाय, दाराला आतून कडी आहे.

उद्या केंद्रप्रमुख तिचा चौथीचा वर्ग बघायला येणार. आठवडाभर ती घसा फोडून सांगतेय, की चित्रातला एक पतंग म्हणजे दुकानात विकलेले चार पतंग. पोरं माना डोलावतात आणि चित्रं मोजून मोकळी होतात. पाव पतंग दिसला की म्हणतात, फाटलाय, तो कोण घेईल? स्तंभालेखात तर त्यांना जिनाच दिसतो. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी तिने ठरवलंय, उद्या सकाळी उत्तरं घोकून घ्यायची आणि सुटायचं.

पंख्याची घरघर लांब जाते, आणि ती वर्गात उभी असते. शेवटच्या बाकावर भोईटे बाई बसल्यात. शेजारच्या वर्गावर होत्या, मागच्या पौषात वारल्या. रोज मधल्या सुट्टीत कालिंदीच्या डब्यातली चतकोर भाकरी न विचारता मोडून घ्यायच्या.

"बाई, तुम्ही गेलात ना?"

"गेले म्हणून जेवू नको का? डबा काढ."

कालिंदी चिडते. डबा कसला मागताय, आधी या पोरांचं काय करू ते सांगा, म्हणते. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करतात. जिवंतपणीही त्यांची हीच खोड होती. ती फळ्याकडे वळते, तर फळा नाही, एसटी स्टँडवरचा फलक आहे आणि गावांच्या नावांच्या जागी पतंग टांगलेत. कंडक्टर विचारतो, पाव पतंगाचं तिकीट कसं फाडू? तिच्या डोळ्यांत रागाने पाणी येतं.

स्टँडच्या बाकावर चूल पेटलीय. हे शाळेचं खिचडीचं शेड आहे. बाई भाकरी थापतायत आणि सगळी चौथी पंगतीला बसलीय.

"पुस्तकात पतंग दिलेत, बाई. भाकरी नाही."

"पतंग कुणी मोडून वाटतं का गं?"

बाई कोळशाने फरशीवर गोल काढतात. एका भाकरीत चौघं जेवली, असं पोरांना सांगतात. मग गोलाचा नुसता एक कोपरा काढून विचारतात, हे काय?

"चतकोर," पोरं एका सुरात म्हणतात.

"मग जेवलं किती?"

"एकच."

कालिंदी कपाळावर हात मारते. एवढं सोपं होतं तर जिवंत असताना का नाही सांगितलं, असं ती भांडते. तू कधी विचारलंस, असं म्हणत बाई पदराला हात पुसतात आणि उठतात. आता जाणार हे कालिंदीला कळतं आणि राग कुठल्या कुठे जातो.

"बाई, मला डबा एकटीला खाववत नाही हो."

"म्हणून तर आले," बाई म्हणतात.

पंखा घरघरतोय. कालिंदी उठून बसते, तोंडाला कोरड पडलीय. दाराची कडी तशीच आहे. आता दोन घास खावेत म्हणून ती ताटावरचं झाकण उचलते.

भाकरीची चतकोर नाही. तीही पापुद्रा सुटलेल्या बाजूची, जी कालिंदीला आवडते आणि बाईंनी तिला कधी मिळू दिली नाही.

"विचारायची पद्धत नाहीच," ती चडफडते. उरलेली भाकरी पुढ्यात घेते, गालावरचं पाणी पुसते आणि पोरांना उद्या विचारायचं ते आधी स्वतःलाच विचारते. चतकोर गेली, म्हणजे जेवून किती गेले?

एकच.